कालव्यात भिजवलेला चेंडू

एवाझियो रोन्दानोला मी पहिल्यांदा नीट पाहिले ते फेब्रुवारीत, चर्चमध्ये, मेणबत्त्यांच्या सणाच्या प्रार्थनेला. तो माझ्या पुढच्या बाकावर बसला होता. थंडी इतकी होती की पाद्रीबाबांचा प्रत्येक शब्द वाफ होऊन बाहेर पडत होता. आणि हा उंच, रुंद खांद्यांचा माणूस तोंडासमोरची माशी हाकलत होता. आधी हाताने, मग मान झटकून, मग पुन्हा हाताने. उन्हाळा असता तर माझे लक्षही गेले नसते. आमचे गाव भातखाचरांच्या मधोमध आहे. जूनमध्ये इथली माणसे जेवताना, भांडताना, झोपेतसुद्धा डास हाकलतात. पण फेब्रुवारीत माशी कुठली? मी त्याच्या चेहऱ्यासमोर पुन्हा पुन्हा पाहिले. काहीच नव्हते.

त्याच्या शेजारी क्लेलिया बसली होती, त्याची वाग्दत्त वधू. तिने त्याचे मनगट धरले, हात त्याच्या गुडघ्यावर ठेवला आणि प्रार्थना संपेपर्यंत तो तसाच दाबून धरला. पाद्रीबाबांकडे तिचे लक्ष नव्हते. ती कडेने त्याच्याकडेच बघत होती.

मी त्या गावी शिक्षिका म्हणून आदल्या शरदात आले होते. घरी परतताना मी घरमालकिणीला विचारले, तो उंच माणूस कोण?

"अहो बाई!" ती रस्त्यातच थांबली. "एवाझियोला ओळखत नाही? आपला सेंटर फॉरवर्ड! पोपला तरी ओळखता ना?"

ते १९१२ साल होते. फुटबॉल आमच्या भागात नवा होता. गावात व्यायाम मंडळ होते. तिथे तरुण कड्यांवर लोंबकळत, लाकडी घोड्यावरून उड्या मारत. मग स्वित्झर्लंडच्या गिरण्यांत यंत्रे बसवायला गेलेला कुणीतरी तिथून एक चेंडू घेऊन आला आणि कड्या गंजू लागल्या. एवाझियो तेव्हा भातगिरणीत पोती वाहायचा. पोती वाहून मान जाड झालेली, पाय लांब. उडी मारायला त्याला कुणी शिकवले नाही. कोपऱ्यातून चेंडू वर आला की सगळे खाली राहत आणि एवाझियोचे डोके तेवढे वर दिसे.

पण त्याच्या डोक्याबद्दल सांगायचे तर आधी पिनीनबद्दल सांगायला हवे. पिनीन गावचा खाटीक, मंडळाचा चेंडू त्याच्याच ताब्यात असे. सगळे त्याला 'बार्बा' म्हणत, म्हणजे काका, म्हातारेसुद्धा. इतर गावांत चेंडूच्या चामड्याला चरबी चोळायचे, म्हणजे ते पाणी पीत नाही. पिनीनच्या दुकानात चरबीला तोटा नव्हता, पण तो ती चेंडूला लावत नसे. सामन्याच्या आदल्या दिवशी तो चेंडू जाळीत बांधायचा, जाळीला दगड लावायचा आणि दुकानामागच्या कालव्यात बुडवून ठेवायचा. खेळ सुरू होण्याच्या बेताला बाहेर काढायचा. तोपर्यंत चामडे पाणी पिऊन तट्ट झालेले असे. चेंडू यजमानांनीच द्यायचा हा सगळीकडचा रिवाज, त्यामुळे कुणाला काही म्हणता येत नसे. पाहुण्यांचे गोलकीपर तो झेलायला जात आणि मनगट धरून खाली बसत. पाहुण्यांपैकी कुणी एकदा त्याला डोके लावले की पुन्हा लावत नसे.

"आमच्याकडे पाहुण्याला पाणी विचारतात," पिनीन म्हणायचा. "प्यायला आणि खेळायलासुद्धा."

त्या चेंडूला डोके लावू शके तो फक्त एवाझियो. सोमवारी त्याच्या कपाळावर चेंडूचे तोंड आवळणाऱ्या चामडी वादीचे वळ उठलेले असत, शिवणीसारखे, आणि गिरणीतले लोक ते मोजून गोल किती झाले ते सांगत. एका वर्षी त्याला मिलानला निवडीच्या सामन्याला बोलावले. देशाचा संघ तेव्हा नुकताच उभा राहत होता. गाव स्टेशनवर लोटले होते. मिलानला चेंडू चरबी लावलेला, कोरडा, हलका. एवाझियोच्या डोक्याला लागून तो कुठल्या कुठे गेला. परत आल्यावर तो एवढेच म्हणाला, "तिथं कागदाच्या चेंडूनं खेळतात." पुन्हा त्याला बोलावणे आले नाही, आणि गावाला त्याचे वाईट वाटले नाही. तो गावाचाच राहिला.

माश्यांची गोष्ट कुणी मनावर घेतली नाही. त्याचे कारण आमच्या गावातच होते. इथे हिवताप घरोघरी. सरकारी क्विनीनच्या गोळ्या मिठासारख्या घरात असत. ज्याने जास्त खाल्ल्या त्याचे कान वाजतात, डोळ्यांपुढे काळे येते, डोके ठणकते. हे लहान पोरालाही माहीत. त्यामुळे एवाझियो कपाळ धरून बसला की लोक म्हणत, गोळी चढली. रिकाम्या हवेत हात हलवू लागला की हसत, "अरे, यंदाचे डास लवकर आले वाटतं!" गावच्या डॉक्टरांनी त्याची जीभ पाहिली, पोट दाबले, हिवतापाने सुजते ती प्लीहा चाचपली आणि गोळी बंद करायला सांगितली. डोळ्यांत त्यांनी पाहिलेच नाही. आमच्या डॉक्टरांना अर्ध्या आयुष्यात प्लीहेशिवाय दुसरे काही पाहण्याची गरज पडली नव्हती.

मार्चमध्ये मला आणखी गोष्टी दिसू लागल्या. शाळेची खिडकी मैदानाकडे उघडायची. सराव करताना एवाझियो डावीकडून आलेले चेंडू सोडून देऊ लागला. "उजवीकडनं दे! उजवीकडनं!" असे ओरडायचा. बाकीच्यांना तो नवा डाव वाटला. एकदा सगळे निघून गेल्यावर तो एकटाच मैदानात उभा राहिला. त्याने उजवा डोळा तळहाताने झाकला आणि गोलच्या खांबाकडे बघत राहिला. मग हळूहळू चालू लागला, हात पुढे करून. खांबाच्या बाजूने तो सरळ पुढे गेला. खांब त्याला सापडला नाही. त्याने हात खाली घेतला, इकडेतिकडे पाहिले आणि टोपी घालून घरी गेला.

एप्रिलमध्ये खाचरांत पाणी सोडले आणि गावाभोवती सगळीकडे आकाश उतरले. त्याच आठवड्यात क्लेलिया माझ्या खोलीवर आली. भातातले तण काढायला जाणारी मुलगी, हात काटक, बोलणे मोजके. मी चिकोरीची कॉफी केली. तिने कप हातात धरला, प्यायली नाही.

"बाई, तुम्ही शिकलेल्या. पडदा सुटतो म्हणजे काय होतं हो?"

"कुठला पडदा?"

"डोळ्याच्या आतला."

मग तिने सांगितले. गावात लग्नाचे कापड घ्यायला जातो असे सांगून ती दोघे तुरीनला जाऊन आली होती. तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी अंधाऱ्या खोलीत बसवून, आरसा धरून, बराच वेळ पाहिले होते.

"डाव्या डोळ्यातला सुटलाय म्हणाले. त्याला दिसतात त्या माश्या त्याच्याच. उजव्यातला पातळ झालाय. डोक्याला आता एक जरी दणका बसला तर तोही जाईल. मी विचारलं, दणका म्हणजे केवढा? तर म्हणाले, पोरी, जिन्यावरून घसरला तरी पुरे."

"आणि एवाझियो काय म्हणाला?"

"हसला. बाहेर आल्यावर मला म्हणतो, जिने उतरणार नाही मी, झालं?" तिने कप खाली ठेवला. "माझ्याकडनं शपथ घेतलीय, कुणाला सांगायचं नाही म्हणून. तुम्हाला सांगितलं म्हणजे मोडलीच ती. मोडू दे. मे महिन्यात फायनल आहे, बाई."

फायनल आहे हे गावात कुणाला सांगावे लागत नव्हते. बंदराच्या शहराचा श्रीमंत संघ आमच्या मैदानावर येणार होता. त्यांचा गोलकीपर इंग्रज होता. असे काही आमच्या गावात पूर्वी घडले नव्हते. पाव भाजणारा दिवसभर तेच बोलायचा, पाद्रीबाबा प्रवचनात तिथेच यायचे.

मी गिरणीच्या फाटकाशी एवाझियोला गाठले. त्याने टोपी काढली. मी जे माहीत होते ते सरळ सांगितले. तो रागावला नाही.

"क्लेलियाच्या पोटात काही राहत नाही," तो म्हणाला. "बाई, एकच सामना. मग मी डोक्याला उशी बांधून फिरेन."

"एका सामन्यात किती वेळा डोकं लावतोस?"

"चांगला चेंडू आला तर एकदाच पुरतं."

"आणि उजवाही गेला तर?"

तो गिरणीकडे तोंड करून उभा राहिला. "आतला मुकादम सोमवारी मला 'ए लांबड्या, पाय उचल' म्हणतो. रविवारी तोच टोपी काढून बाजूला होतो. मी नाही खेळलो तर तो आठवडाभर लांबड्याच म्हणेल. तुम्ही शाळेत रोज बाई असता, तुम्हाला नाही कळायचं." मग त्याला आपण जास्त बोललो असे वाटले असावे. "चिडू नका हं," तो म्हणाला आणि आत गेला. आत जाताना डावा खांदा फाटकाला आपटला. तो थांबला नाही.

तेव्हा क्लेलिया आणि मी पिनीनकडे गेलो. पिनीन आतडी साफ करत होता. चेंडू भिजवायचा नाही, एवढेच क्लेलियाने मागितले.

"काय?" पिनीन हसला. "फायनलला? पोरी, ताप आलाय का तुला? बाई, हिला गोळी द्या."

"बार्बा, त्याचा डावा डोळा गेलाय."

पिनीन हसायचा थांबला. त्याने सुरी ठेवली, हात पुसले, परत पुसले.

"मला कुणी बोललं नाही."

"त्यानं बोलू दिलं नाही."

"मी... इतकी वर्षं मी तो चेंडू..." तो स्टुलावर बसला. एवढा मोठा माणूस, पण त्या वेळी स्टूल रिकामेच असल्यासारखे दिसले. मग म्हणाला, "चरबी लावतो. इतकी लावतो की थेंब आत जाणार नाही. हलका असला तर लागणार नाही ना गं फार?"

"कमी लागेल."

"मग झालं. तो इंग्रज मजेत झेलत बसेल. हरलो तर लोक दुकान जाळतील माझं, दुसरं काय!" आणि क्लेलिया रडू लागली तसा ओरडला, "ए, मांसावर नको रडूस, गिऱ्हाईक यायचंय!"

सामन्याच्या दिवशी सकाळी मी उकडायचे मांस आणायला पिनीनकडे गेले. चेंडू मांसाच्या आकड्याला टांगला होता, चरबीने चकाकत. माझ्यामागोमाग एवाझियो आला. त्याने चेंडू हातात घेतला, अंगठ्याने दाबला.

"हे काय, बार्बा?"

"चेंडू."

"कोरडा आहे."

"पाऊस नाही, कोरडाच असणार."

"क्लेलिया आली होती इथं." त्याने विचारले नाही, सांगितले.

"तिचं बरोबर आहे, पोरा. या बाईपण आहेत, विचार त्यांना."

मी त्याच्या डाव्या हाताला, हातभर अंतरावर उभी होते. मला शोधायला त्याला सगळी मान फिरवावी लागली. तेव्हा पिनीनचा चेहरा जो झाला तो मी विसरलेले नाही.

"बार्बा, ऐका," एवाझियो हळू आवाजात म्हणाला. "कोरडा चेंडू फार जोरात येतो. मला दिसेपर्यंत निघून गेलेला असतो. ओला हळू येतो. आणि त्याचा आवाज होतो, पाणी उडत येतं ना, तसा. तो मला कळतो. गेला महिनाभर मी कानानंच खेळतोय."

पिनीनने मागच्या दाराकडे, कालव्याकडे पाहिले.

"मग खेळतोस कशाला, गाढवा?" पिनीनचा आवाज फुटला.

"मग कोण खेळेल? तुम्ही? त्या पोटाखाली चेंडू गेला तर संध्याकाळपर्यंत सापडायचा नाही."

पिनीन हसला नाही. एवाझियोने सुरी उचलली आणि पात्याच्या पाठीने चरबी खरवडू लागला. मग चुलीतली राख आणि गरम पाणी घेऊन त्याने चेंडू घासला, शिवण अन् शिवण, एखादे भांडे घासावे तसा. मी त्याला थांब म्हटले. क्लेलियाला तरी सांगून ये म्हटले.

"तुम्हीच सांगा, बाई," तो म्हणाला. "पण सावकाश चालत जा."

तो मागच्या दाराने गेला. चेंडू पाण्यात पडल्याचा आवाज आला. पिनीन जागचा हलला नाही. त्याला अडवणे पिनीनच्या ताकदीबाहेरचे नव्हते; एका हाताने तो बैल आडवा करायचा. पण चेंडू भिजल्याशिवाय त्या पोराला त्याचा अंदाजच येणार नाही, हे ऐकल्यावर त्याला काय करावे ते कळेना.

मी धावतच क्लेलियाकडे गेले. ती तशीच व्यायाम मंडळाच्या इमारतीकडे धावली. दारात मंडळाचे अध्यक्ष छातीला फीत लावून उभे होते. खेळाडू कपडे बदलत होते, बायकांना आत जाता येत नसे.

"त्याला बाहेर बोलवा, अध्यक्षसाहेब. त्याचे डोळे जातील."

"आज सगळ्यांचेच डोळे जातील, पोरी, इतकं बघण्यासारखं आहे! लग्नानंतर भांड हवं तेवढं."

ती दार वाजवत राहिली. आतून गाणी ऐकू येत होती. तिच्या हाका त्या गाण्यांत बुडाल्या.

मैदानाच्या तीन बाजूंना माणसे होती, चौथ्या बाजूला खाचरे. ऊन पाण्यावर पडून डोळ्यांत घुसत होते. सामना कसा झाला ते मला नीट सांगता येणार नाही. मी सगळा वेळ एकाच माणसाकडे पाहत होते. दर वेळी चेंडू हवेत गेला की क्लेलिया माझे बोट आवळायची. पहिल्या भागात एवाझियो चेंडूच्या जवळ गेला नाही. लोक चिडले. "काय रे लांबड्या, झोपलास?" कुणीतरी ओरडले. मुकादमच असावा. दुसऱ्या भागात इंग्रज गोलकीपरने एक चेंडू झेलला आणि त्याचा हात वाकडा होऊन राहिला. तो पुढे खेळला, पण एका हाताने.

शेवटी शेवटी उजव्या कोपऱ्यातून चेंडू वर आला. मी शपथेवर सांगते, पाण्याचा तो फरफर आवाज मला कडेपर्यंत ऐकू आला. एवाझियो मान खाली घालून उभा होता, प्रार्थनेला उभे राहावे तसा. चेंडू डोक्यावर येईपर्यंत त्याने वर पाहिलेच नाही. मग उडाला. लाकडावर लाकूड आपटावे तसा आवाज झाला.

गोल. माणसे किंचाळत होती, टोप्या उडत होत्या. एवाझियो दोन्ही हात वर करून धावत सुटला. पण लोकांकडे नाही. तो चौथ्या बाजूला धावत गेला, जिथे कुणीच नव्हते, आणि भाताच्या पाण्याकडे तोंड करून, हात वर धरून उभा राहिला. हसत होता. त्याच्या साथीदारांना ती थट्टा वाटली आणि तेही हसू लागले. लोकही हसले.

क्लेलिया हसली नाही. ती दोरी ओलांडून मैदानात गेली. पंच शिट्टी वाजवत राहिला. तिने एवाझियोचा कोपर धरला. तो तिच्या कानाशी काहीतरी बोलला. मग दोघे मैदान ओलांडून चालत आली, ती पुढे, तो अर्धे पाऊल मागे. तेव्हा एकेका बाजूचे हसणे विझत गेले.

तुरीनच्या रुग्णालयात त्याला डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून, न हलता, निजवून ठेवले. पडदा जागेवर बसतो का ते पाहायचे होते. उन्हाळाभर तो तसा पडून होता. पडदा बसला नाही; उजवा डोळाही गेला. लग्न मात्र ठरल्याप्रमाणे कापणीनंतर झाले. क्लेलियाच्या आईने पुष्कळ आकांडतांडव केले, पण क्लेलिया तिच्याशी त्या विषयावर बोललीच नाही. पिनीनने लग्नाचे सगळे मांस दिले आणि स्वतः जेवायला आला नाही. त्या वर्षीच त्याने चेंडू मंडळाला परत केला.

एवाझियोची कारकीर्द तिथे संपली. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. तीन वर्षांनी युद्ध आले. संघातली बहुतेक मुले डोंगरात लढायला गेली आणि थोडीच परत आली. एवाझियोला सैन्याने अर्थातच घेतले नाही. गावात काहीजण म्हणायचे, तो वाचला बघा. क्लेलियासमोर कुणी म्हणत नसे.

मी निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली. एवाझियो आता साठीच्या पुढे आहे. कालव्याकडच्या गल्लीत, पावाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत तो आणि क्लेलिया राहतात. तो खुर्च्यांच्या बैठका विणतो. काम चांगले असते, फक्त उशिरा मिळते.